पालिशचा वास

"थांब अण्णाजी, ते दूध टाकू नको चहात."

आर्वीच्या बसस्थानकासमोरच्या टपरीवर पुंडलिकरावांनी एक हात आडवा घातला आणि दुसऱ्या हातातला फोन दुधाच्या पातेल्यावर धरला. फोनच्या वरच्या कडेला तीन बारीक छिद्रं होती. थोड्या वेळानं फोनमधली बाई शुद्ध मराठीत म्हणाली, "दूध खराब होऊ लागले आहे. लवकर वापरा."

"लवकरच तं वापरून राह्यलो होतो ना बावा," अण्णाजी म्हणाला. "तुमीच हात आडवा घातला."

टपरीवरचे सगळे हसले. पुंडलिकरावही हसले, पण फोन त्यांनी शर्टाच्या बाहीला पुसून जपून खिशात ठेवला. इतरांच्या फोनला डोळे होते, कान होते. यांच्या फोनला नाक होतं. दिवाळीत मुलगी अंकिता आणि जावई प्रफुल नागपूरहून आले तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं तो दिला होता. गॅस गळत असला, भाजी करपत असली, धान्याला बुरशी धरली असली तर हा फोन सांगतो, एवढं तिनं समजावलं होतं. एसटीच्या वर्कशॉपात सुतारकाम करून निवृत्त झालेल्या माणसाला दिवसभर दुसरं काय काम असणार? पुंडलिकराव आर्वीभर वास घेत हिंडायला लागले. शेजारणीचं लोणचं, किराणा दुकानातलं तूप, एकदा तर देवळाबाहेरच्या चपला. लोक त्यांना लांबून पाहून डबे झाकत.

टपरीवर मग रोज हाच विषय. नाक आलं, आता पुढं काय यायला पाहिजे? शेतीवाल्या एकाचं म्हणणं, फोन सोयाबीनच्या पोत्यात खुपसला की ओल किती ते कळायला पाहिजे, म्हणजे व्यापाऱ्याच्या यंत्राच्या तोंडाकडे पाहायला नको. पुंडलिकरावांचा जुना दोस्त रामाजी, त्याला फोनला बोट हवं होतं. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला आपण हात लावण्याआधी फोननं लावायचा आणि करंट असला तर ओरडायचं. अण्णाजीला जीभ हवी होती, गिऱ्हाइकं साखरेवरून भांडतात म्हणून.

"मनात काय हाये थे सांगनारा निंगाला पायजे," पुंडलिकराव म्हणाले. "समोरचा हासून राह्यला, पन आतून काय हाये, थे."

"थो निंगाला तं कोनी घरी जानार नाई पुंडलिकराव," अण्णाजी म्हणाला. "सारे इथंच झोपतीन."

"मले नाई भेव. माह्या घरी काय लपून हाये? पोरगी येऊन राह्यली पुढच्या हप्त्यात. पहिलं बाळंतपन. तिची माय खोली सारवून बसली."

हे त्यांनी त्या आठवड्यात टपरीवर कितीदा सांगितलं असेल याचा हिशोब नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्यांच्यासाठी रीतीपेक्षा मोठी होती. मुलगी या घरात, त्यांच्या भरवशावर, पोट घेऊन येणार होती. ती आली की एक जुना हिशोब मिटणार होता.

तो हिशोब असा. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारूच्या दुकानावर पाटी नसते, इतकंच. पुंडलिकरावांना पाटीची गरज कधी पडली नाही. वर्कशॉपातून सुटले की ते आणि रामाजी एका पडवीत बसत आणि घरी येताना उत्तर तयार असे. बायकोनं, जयवंताबाईंनी, नाकाला पदर लावला की म्हणायचं, "पालिशचा वास हाये थो. सायबाचं टेबल पालिश करून राह्यलो आज." साहेबाच्या त्या एका टेबलाला इतकी वर्षं पालिश झालं की त्याचं लाकूड दिसत नसावं.

अंकिता सहावीत असताना माळ्यावरचा पाळणा गेला. सागवानी पाळणा, जयवंताबाईंच्या वडिलांनी अंकिताच्या बारशाला दिलेला. रामाजीनं गिऱ्हाईक आणलं, पुंडलिकरावांनी उचलून दिला, आणि दोघांनी तो पिऊन टाकला. बायकोला सांगितलं की वाळवी लागली होती, जाळला. त्याच वर्षी शाळेच्या गॅदरिंगला अंकिताला बक्षीस मिळालं. पुंडलिकराव झोकांड्या देत स्टेजवर चढले आणि टाळ्या वाजवता वाजवता हेडमास्तरांच्या पायाशी पडले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. पुंडलिकरावांनी तिच्यासमोर उकिडवं बसून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आण घेतली. ती मान ताठ करून बसली होती. आपल्या डोक्यावरची आण मोडली तर आपलंच वाईट होतं, हे तिला कळत होतं. तिनं एवढंच विचारलं, "माह्याच डोक्यावर काऊन, बाबा?"

त्या दिवसापासून त्यांनी थेंब घेतला नाही. तिच्या लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्यांनी बाटली पुढं केली तर त्यांनी त्या बाटलीवर चक्क चप्पल उगारली होती.

आणि आता पाळणा सापडला होता. रामाजीच्या बहिणीच्या गावी, एका घरात, त्यात कोंबड्या बसवल्या होत्या. पुंडलिकरावांनी तो आणला आणि रामाजीच्या गोठ्यात ठेवला, कारण घरी नेला असता तर जाळलेला पाळणा परत कसा आला, हे बायकोला सांगावं लागलं असतं. सांगायचं होतंच. पण पाळणा आधी नवा करायचा, अंकिता आली की तिच्यासमोर अंगणात आणून ठेवायचा आणि मग दोघींना सगळं खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मुलीची बॅग घरात शिरायच्या आत.

रोज दुपारी जेवण झालं की ते निघत.

"कुठं चालले उन्हाचे?" जयवंताबाई विचारत.

"रामाजीकडे."

जयवंताबाई पुढं काही विचारत नसत. पुंडलिकरावांना ते बरं वाटे. बायकोचं न बोलणं म्हणजे विश्वास, असं समजणारे नवरे आपल्याकडे काही कमी नाहीत.

गोठ्यात ते फोनवर भजनं लावत, तो गव्हाणीच्या काठावर ठेवत आणि कामाला लागत. कोंबड्यांनी केलेली घाण खरवडली, मोडलेले दोन दांडे नवे बसवले, पॉलिश पेपरनं घासून लाकूड उघडं केलं. मग लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पालिश तयार केलं आणि चिंध्यांची पोटली त्यात बुडवून एकावर एक हात देत राहिले. पहिल्या दिवशी गंमत म्हणून त्यांनी फोनचं नाक पालिशच्या बाटलीवर धरलं. फोन काहीच बोलला नाही.

"पालिशचं नाक नाई वाटते याले," ते रामाजीला म्हणाले.

"पैसेवाल्याचा फोन हाये," रामाजी म्हणाला. "तुह्यासारखा सुतार नोहे थो."

अंकिता यायच्या आदल्या दिवशी पुंडलिकराव संध्याकाळी घरी परतले तर दारात प्रफुलची गाडी उभी. त्यांना वाटलं, एक दिवस आधीच आले. हात न धुताच ते धावत आत गेले. आत अंकिता नव्हती. जयवंताबाई बॅग भरत होत्या. डिंकाच्या लाडवांचा डबा बांधलेला होता, आणि त्यावर बाळाची दुपटी.

"मामाजी, या," प्रफुल उठून सासऱ्यांना म्हणाला. तो उगाच उठला होता आणि आता उभं राहून काय करावं हे त्याला कळत नव्हतं. "आईंना घ्यायला आलो. बाळंतपण नागपूरलाच करायचं ठरलं आहे. डॉक्टर म्हणाल्या, प्रवास नको."

"काल परवापर्यंत तं म्हनत नव्हत्या."

"हो. म्हणजे, आत्ताच म्हणाल्या."

"अन मी?"

प्रफुलनं जयवंताबाईंकडे पाहिलं. त्यांनी बॅगेची चेन ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली. मग त्या तिथंच पलंगावर बसल्या.

"काहो, काऊन केलं असं?" त्या म्हणाल्या. "तिच्या डोक्यावरची आन हाये अन ती पोटुशी हाये. दुसऱ्या कोनत्या टायमाले मोडली असती तं मी गिळून बसली असती."

"कायची आन मोडली? काय बोलून राह्यली तू?"

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. अंकिता होती. पुंडलिकरावांनी तो घाईत उचलला. स्पीकर सुरूच होता, भजनांसाठी लावलेला.

"बाबा, आईले निंगू द्या. भांडू नका."

"मी कायले भांडतो बेटा? पन तू येत काऊन नाई, थे तं सांग."

ती म्हणाली, "बाबा, तुमी आत्ता बी घेऊन हाये. मले इथं दिसून राह्यलं."

पुंडलिकरावांनी फोन कानापासून दूर केला आणि त्याच्या कडेची तीन छिद्रं पाहिली.

"दिसते म्हंजे?"

"त्याले कळते, बाबा. दारूचा वास आला का माह्या फोनवर लाल ठिपका येते. तुमाले दाखवत नाई, मले दाखवते. तसं लावून ठेवलं होतं. मले वाटे, एकबी ठिपका येनार नाई. खरंच वाटे. तीन महिने आला नाई. अन आता रोज दुपारी येते. रामाजीकाकाकडे जाता नं तुमी? आईनं सांगतलं."

म्हणजे दिवाळीपासून. ती पाया पडली, फोन हातात दिला, "बाबा, गॅसचं ध्यान राहीन तुमच्याच्यानं" म्हणाली, तेव्हापासून. आणि जयवंता रोज दुपारी न बोलता दार उघडून देत होती ती नागपूरला कळवण्यासाठी. पुंडलिकराव भिंतीला टेकले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि रागही आला, पण राग कोणावर काढावा ते सुचेना. संशय घेतला असता, तोंडावर विचारलं असतं, तर त्यांनी तो ऐकून घेतला असता. तेवढं कर्ज त्यांच्या नावावर होतंच. पण घरातल्या दोन माणसांनी प्रेमानं हातात ठेवलेली वस्तू त्यांच्या तोंडाचा वास घेत बसली होती, आणि ते ती आर्वीभर मिरवत होते.

त्यांच्या बोटांना स्पिरिटमधली लाख चिकटली होती; स्पिरिट आणि दारू त्या नाकाला सारखीच. नखं तांबडी झाली होती. सांगायला एकच वाक्य पुरे होतं, आणि ते खरं होतं. पालिशचा वास हाये थो.

ते वाक्य त्यांच्या ओठापर्यंत आलं. समोर जयवंताबाई पदर नाकाशी धरून बसल्या होत्या, अगदी पूर्वीसारख्या. पुंडलिकरावांनी तोंड मिटलं. हे एवढंच वाक्य या घरात बोलता येणार नव्हतं. इतकी वर्षं त्यांनीच ते खोटं म्हणून वापरून झिजवलं होतं.

"बाबा? बोला नं काई."

"तब्येत सांभाळजो," ते म्हणाले आणि फोन बंद केला.

गाडी निघताना प्रफुल खाली वाकला. पुंडलिकरावांनी आशीर्वाद दिला, पण हात त्याच्या डोक्यावर ठेवला नाही, वरच्या वर धरला. जयवंताबाईंनी काचेतून सांगितलं की वरण चुलीजवळ झाकून ठेवलंय. त्यांनी मान डोलावली.

सकाळी ते गोठ्यात गेले आणि पाळण्याला शेवटचा हात दिला. नेहमीपेक्षा जाड दिला. लाकूड असं उजळलं की रामाजीनंही गुटखा थुंकून यायचं सौजन्य दाखवलं.

"सांगून दे नं तिले," रामाजी म्हणाला. "मी फोन करतो. मी गवाही देतो."

"तुही गवाही?" पुंडलिकराव म्हणाले, आणि इतक्या दुःखातही दोघांना हसू आलं.

पालिश पुरतं वाळू न देताच त्यांनी पाळणा हातगाडीवर घातला, बसस्थानकावर नेला आणि नागपूरच्या गाडीच्या टपावर चढवला. वर्कशॉपातला जुना माणूस म्हणून कंडक्टर काही बोलला नाही. प्रफुलचा नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांनी त्याच्या हाती दिली. गाठी मारून झाल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला. रात्रभर लावून त्याची बॅटरी भरून घेतली होती. तो त्यांनी एका जुन्या गोधडीत ठेवला, छिद्रं तेवढी बाहेर राहतील असा, आणि गोधडी पाळण्यात नीट टेकवून बांधली. बाळ ठेवावं तशी, डोक्याकडची बाजू थोडी उंच.

मग ते खाली उतरले.

गाडी हलली, वळली आणि फाटकाबाहेर पडली. आता वाटेतल्या प्रत्येक गावातून नागपूरला लाल ठिपका जाणार होता. बाप आर्वीत, ठिपका रस्त्यावर. संध्याकाळी दारात पाळणा उतरला की ठिपका कशाचा होता ते अंकिताला समजेल. जयवंतालाही समजेल, जाळलेला पाळणा समोर पाहून जरा जास्तच समजेल. त्या रडतील, बहुतेक घ्यायलाही येतील. पण फोनच पाळण्यात गेल्यामुळे दोघींना पुंडलिकरावांना फोन करून बोलावता येणार नव्हतं, आणि त्यांना तूर्त तेच बरं वाटत होतं.

ते टपरीवर येऊन बाकावर बसले.

"काय पाठवलं टपावर?" अण्णाजीनं विचारलं.

"पोरीचा पाळना."

"ती येनार होती ना इथं?"

"नाई येत."

अण्णाजीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यानं दुधाचं पातेलं पुढं ओढलं.

"कालचं हाये थोडं. लावा बरं तुमच्या फोनचं नाक."

पुंडलिकराव उठले. पातेल्यावर वाकले, डोळे मिटले आणि त्यांनी स्वतःच वास घेतला. बोटांवरच्या लाखेचा वास मध्ये येत होता, म्हणून त्यांनी हात पाठीमागे धरले आणि पुन्हा वाकले.

"चांगलं हाये," ते म्हणाले. "टाक."