पाठ नसलेला कोट

मित्रांनो, पुढून रुबाब आणि मागून नुसत्या नाड्या, अशी बरीच वर्षं काढलेला मी एक जुना कोट आहे. डोंबिवलीहून ठाकुर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उत्तमरावांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे आरशाशेजारच्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. कधी फोटो काढायला आलात, तर तुम्ही मला पाहिलंही असेल आणि हळूच हसलाही असाल. हसा बापडे, मला राग नाही.

माझा जन्म मात्र थाटाचा. ठाण्याच्या शिवराम टेलरांनी मला उत्तमरावांच्या लग्नासाठी शिवलं. गडद निळं कापड, आत मऊ अस्तर, आणि तेव्हा मला चांगली भरभक्कम पाठही होती. मांडवात कुणीतरी म्हणालं, "नवरदेवाला कोट काय शोभतोय!" त्या एका वाक्यावर मी पुढे कित्येक वर्षं काढली.

लग्नानंतर उत्तमरावांनी स्टुडिओ काढला. आलेल्या प्रत्येकाला फोटोत कोट हवा असे, आणि आलेला प्रत्येक जण वेगळ्याच मापाचा असे. दुसरा कोट घेण्याची ऐपत नव्हती. शेवटी एका सकाळी उत्तमरावांनी कात्री घेतली, माझ्या कॉलरखालून थेट तळापर्यंत पाठ कापली आणि दोन्ही कडांना नाड्या लावल्या. जाड माणूस आला की नाड्या सैल, बारीक आला की घट्ट. कापताना त्यांचा हात मध्येमध्ये थांबत होता.

मित्रांनो, दुखलं. पण मग मी असा कामाला जुंपलो की विचारू नका! विमा एजंट, नवे वकील, दातांचे डॉक्टर, घरं विकणारे, सगळ्यांनी माझ्यात हात घातले. कल्याणपासून ठाण्यापर्यंत दुकानांच्या पाट्यांवर आणि रिक्षांच्या मागे मी झळकलो. एकदा तर एकमेकांचं तोंडही न बघणाऱ्या दोन क्लासवाल्यांचे फलक एकाच खांबावर लागले, एक वर आणि एक खाली, आणि दोघांच्या अंगात मीच! पोरांनी टिंगल करून दोघांना हैराण केलं. दोघेही उत्तमरावांशी भांडून गेले. मला मात्र फार भारी वाटलं.

आता उत्तमराव गल्ल्यावर बसतात आणि फोटो त्यांची लेक जागृती काढते. तिचं काम बघत राहावंसं वाटतं. आलेल्या माणसाला ती आधी चहा देते, गप्पा मारते आणि मग एकच विचारते, "हा फोटो कोण बघणार आहे?" उत्तर ऐकून ती दिवे लावते, पडदा ठरवते. कुणी म्हणालं, "फोटो काय, मोबाइलवरही निघतो," तर ती वाद घालत नाही, नुसती हसते. फक्त एक झालं. तिला माझी गरज क्वचितच लागायची, आणि माझ्या खांद्यांवर धूळ साचू लागली.

अशात एका दुपारी ठाण्याच्या कोलशेत कोळीवाड्यातून कांताबाई आल्या. सोबत त्यांची लेक ऐश्वर्या होती. कांताबाई घरी मसाला करतात आणि ठाण्याच्या बाजारात स्वतः बसून विकतात. घोडबंदर रोडवरच्या एका दुकानदाराने तो मसाला दुकानात ठेवायला घेतला होता. पाकिटावर फोटो हवा म्हणून ऐश्वर्याने मोबाइलवरच आईचा फोटो सजवला. रंग उजळला, सुरकुत्या पुसल्या आणि कुठलासा काळा कोट चढवला. पाकिटं निघाली आणि घोळ झाला. जुनी गिऱ्हाइकं पाकीट घेऊन बाजारात कांताबाईंकडे येऊ लागली. "अगं कांता, तुझं नाव चोरून कुणीतरी नकली मसाला विकतंय!"

दुकानदाराने स्पष्टच सांगितलं होतं, फोटो बदला, नाहीतर माल परत न्या.

"माझाच मसाला, नि मीच नकली झाले गो!" कांताबाईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांचं नाव एका फोटोपायी जायला निघालं होतं.

"चूक माझीच आहे, ताई," ऐश्वर्या म्हणाली. "पण आता खराखुरा प्रोफेशनल फोटो काढा. तुमच्याकडे कोट असेल ना?"

माझी छाती फुगली. जागृती मला झटकून घेऊन आली आणि कांताबाईंच्या मागे माझ्या नाड्या बांधल्या. कांताबाई स्टुलावर बसल्या, पण दात उपटून घ्यायला आल्यासारख्या. जागृतीने दोन-चार फोटो काढून त्यांना दाखवले.

"ही कोण बाई?" कांताबाई म्हणाल्या. "ब्यांकेतली वाटते. हिच्याकडून तर मीच मसाला घेनार नाय."

मला लागलं, पण खोटं कसं म्हणू?

"मावशी, हा फोटो कोण बघणार आहे?" जागृतीने विचारलं.

"माझी गिऱ्हाइकं. दुसरं कोन?"

"मग मी गिऱ्हाईक. आले तुमच्यासमोर. काय हो, मसाला तिखट आहे का?"

"तिखट?" कांताबाई एकदम खुलल्या. "अगो, आधी वास तर घे!" चिमूटभर मसाला द्यावा तसा त्यांनी हात झपकन पुढे केला, आणि माझी बाही खांद्यापाशी टर्रकन उसवली.

कांताबाईंनी घाईघाईने मला काढून खुर्चीवर ठेवलं. "वाटोळं केलं मी कोटाचं!"

आत त्यांची रोजची हिरवी साडी होती आणि अंबाड्यात अबोलीची वेणी.

"कोटाचं राहू द्या हो," जागृती म्हणाली. "मला अजून वास कुठे दिलात?"

कांताबाईंना हसू फुटलं. हात पुन्हा पुढे आला, आणि जागृतीने नेमका तो क्षण टिपला. खुर्चीवरून मी तो फोटो पाहिला. मित्रांनो, इतकी वर्षं मी फोटोंमध्ये वावरलो, पण असा फोटो पाहिला नव्हता. बघणाऱ्याने नाक पुढे करावं, अशी ती बाई हसत होती.

ऐश्वर्याने पुढे वाकून तो फोटो पाहिला. "हीच माझी आई," ती म्हणाली.

जाताना कांताबाईंनी मला हट्टाने पिशवीत घातलं. "शिवून आनते. नाय बोलू नका."

घरी त्यांनी मला मांडीवर उलगडलं आणि कपाळावर हात मारला. "अगो बाय, पाठपन फाटलेली हाय! माझं मन राखायला पोरीनं नाड्यांनी बांधून दिलीन." मग मासेमारीची जाळी दुरुस्त करून तयार झालेल्या त्या बोटांनी त्यांनी बाही शिवली, नाड्या काढून टाकल्या आणि माझी पाठ वरपासून खालपर्यंत घट्ट, बारीक टाक्यांनी जोडून दिली.

नव्या पाकिटांचा माल दुकानात टिकला. नकली म्हणणारी गिऱ्हाइकं दोन-दोन पाकिटं घेऊन गेली. त्यातलंच एक पाकीट आणि मला घेऊन कांताबाई आनंदाने स्टुडिओत आल्या.

जागृतीने मला उलटून पाहिलं आणि नाड्या शोधल्या. "मावशी, आता हा होणार तरी कोणाला?"

गल्ल्यावरून उत्तमराव उठले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला अंगात घातलं. खांद्यांत मी थोडा सैल झालो होतो, पण बटणं बरोबर लागली.

जागृतीने भिंतीकडे पाहिलं. तिथे अर्ध्या डोंबिवलीचे चेहरे होते, उत्तमरावांचा एकही नव्हता. "बाबा, स्टुलावर बसा."

"माझा फोटो कशाला? मी काय मसाला विकतो?"

"पाटीवर नुसतं नाव हाय तुमचं," कांताबाई म्हणाल्या. "मानूस कोन हाय ते कलाला नको?"

उत्तमराव बसले, पण आयुष्यभर इतरांना नीट बसवणारा माणूस स्वतः नुसता ताठला. जागृतीने कॅमेऱ्यामागून विचारलं, "बाबा, हा फोटो कोण बघणार?"

"तुझी आई असती तर तिने बघितला असता," ते म्हणाले. मग एकदम हसले. "हा कोट कापला, तेव्हा माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नव्हती!"

जागृतीने तेवढ्यात फोटो काढला.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा माणूस असेल, जो सगळ्यांचे फोटो काढतो आणि स्वतः कशातच नसतो. त्याला एकदा नीट बसवा, हसवा आणि त्याचा चांगला फोटो काढून घ्या. आणि जुनी वस्तू टाकण्याआधी ती एकदा उलटून बघा.

मी आता कुणाच्या अंगात जात नाही. स्टुडिओच्या नव्या पाटीवर उत्तमराव हसताहेत आणि त्यांच्या अंगात मी आहे. फोटो समोरून काढलेला, त्यामुळे माझी पाठ कुणाला दिसत नाही. पण ती आहे, मित्रांनो.