शेतामागून

वडिलांना दाराकडे पाय करून ठेवलं होतं. हनुवटीला पट्टी बांधलेली, अंगाखाली द्राक्षवेलीच्या मोडलेल्या फांद्या. फानोस्त्राती सकाळपासून पंख्याने माश्या वारत बसली होती. आत्या छाती पिटून रडत होत्या. तिला तेवढंही त्राण नव्हतं.

तिला भाऊ नव्हता. अथेन्सचा कायदा सगळ्यांना पाठ होता: मुलाविना बाप गेला, की जमीन आणि मुलगी दोन्ही जवळच्या पुरुष नातलगाकडे जात. मुलगी त्याची बायको होई, आधी लग्न झालेलं असलं तरी ते मोडून. तिच्या पोटी मुलगा असता तर गोष्ट वेगळी. जावयाला दत्तक घेतो, असं वडील दर सुगीला म्हणत आणि पुढच्या सुगीवर ढकलत.

फिलाग्रोसकाका काठी टेकत आले. भावाच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले, मग बाकावर बसले.

"पोरी, बोलायची ही वेळ नाही. पण नवव्या दिवसाचा नैवेद्य झाला की तुझ्यावर हक्क सांगायला मला न्यायाधिकाऱ्याकडे जावं लागेल."

"जा ना, काका."

"मला काय हौस आहे? दात राहिले नाहीत मला, बायको काय करू? पण मी मागे हटलो, तर तो सालामिसचा चुलतभाऊ टपलाय. त्याच्या हाताखाली गडीसुद्धा टिकत नाही."

"म्हणजे उपकारच म्हणायचे तुमचे," कोपऱ्यातून तिचा नवरा लिसानियास म्हणाला.

"तुला चांगला पर्याय सुचत असेल तर सांग, जावईबापू."



तेवढ्यात तिची थ्रेस देशाची म्हातारी दाई तेलाची कुपी खाली ठेवून म्हणाली, "इतकी घाई कशाला, धनी? पोरीला दिवस गेलेत. मुलगा झाला तर?"

आत्यांचं रडणं थांबलं. काकांनी मान वर केली; त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. दाई फानोस्त्रातीकडे टक लावून बघत होती: खोटं असलं तरी नुसतं हो म्हण, पुढचं पुढे बघू. काही महिने मिळाले असते. पोट पडलं म्हणून सांगता आलं असतं.

मग तिने लिसानियासकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. लग्नाच्या आठ वर्षांत तो इतका आनंदलेला तिने पाहिला नव्हता.

"नाही, काका," ती म्हणाली. "दाईला वाटलं असेल. तसं काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

लिसानियास हळूच खाली बसला. दाई पुटपुटली, "खुळी गं खुळी."

काकांनी उगाच काठीचं टोक चाचपलं. "माझं घर लहान आहे," ते म्हणाले. "पण उजेड बरा आहे. तुझा विणायचा माग खिडकीशी लावता येईल."

"बरं," ती म्हणाली.

वडिलांच्या पापणीवर माशी बसली होती. तिने ती वारली. थोड्या वेळाने लिसानियास शेजारी येऊन बसला आणि तिच्या हातातला पंखा घेऊन स्वतः वारा घालू लागला.