सनीव्हेलमधलं ग्दान्स्क

सरला काळे कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये घरोघरी जाऊन फिजिओथेरपी द्यायची. दिवसातला सहावा आणि शेवटचा पेशंट म्हणजे हेन्रिक. त्याच्या अपार्टमेंटखाली गाडी लावली की तिला वाटे, पाच मिनिटं स्टिअरिंगवर डोकं टेकावं. पण एकदा टेकलं की उचलवणार नाही, ही भीती.

हेन्रिकला अर्धांगाचा झटका येऊन तीन महिने झाले होते. पाय सुधारला होता, पण माणूस खुर्चीतून हलत नव्हता. "चालून जायचं कुठे?" एवढंच म्हणायचा. चार वर्षांपूर्वी, १९८१ च्या अखेरीस, तो मुलीला भेटायला म्हणून आला आणि महिनाभरात पोलंडमध्ये लष्करी राजवट आली. तेव्हापासून तो इथेच अडकलेला.

"बाबा ग्दान्स्कला गाईड होते," एकदा त्याची मुलगी एव्हा दारातच म्हणाली. "बंदराचं जुनं शहर दाखवायचे. आता त्याचं नावही काढत नाहीत."

त्या दिवशी सरलाच्या अंगात समजूत घालण्याएवढंही त्राण नव्हतं. वॉकर पुढे सरकवून ती म्हणाली, "तुमचं गाव मी पाहिलेलं नाही, पाहीन असंही वाटत नाही. तुम्हीच दाखवा. कुठून सुरुवात करायची?"

त्याने वॉकरची मूठ धरली. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सोनेरी दरवाजातून." आणि उठला.

बेडरूमचं दार झालं सोनेरी दरवाजा, पॅसेज झाला मोठा रस्ता. फ्रिजपाशी समुद्रदेव नेपच्यूनचं कारंजं. खिडकीशी नदी आणि काठावरची पाचशे वर्षांची लाकडी क्रेन. "आत प्रचंड चाकं. माणसं दिवसभर चाकात चालायची, तेव्हा माल वर चढायचा."

"दिवसभर चालायचं आणि तिथल्या तिथेच? माझी गत वेगळी नाही."

तो पहिल्यांदाच हसला. "पाचशे वर्षं आपली सांगायला. युद्धानंतर मी गेलो तेव्हा विटांचे ढीग होते. त्याच विटा साफ करून आम्ही पुन्हा बांधलं. माझ्या पाठीला विचारा."

पुढच्या खेपेला चर्चचा मनोरा. तिथे चारशे पायऱ्या, इथल्या जिन्याला सोळा. नवव्या पायरीवर त्याला धाप लागली. तो बसला. सरलाही शेजारी टेकली.

"वरून काय दिसतं?"

"लाल छपरं. गोदी. लोक फोटो काढायचे. मी आमची गॅलरी शोधायचो. बायको चादरी वाळत घालायची." तो थांबला. "दोन वर्षांपूर्वी गेली ती. मला जाता आलं नाही."

दोघं तशीच बसून राहिली.

त्यानंतर इन्शुरन्स कंपनीने पैसे देणं थांबवलं आणि भेटी बंद झाल्या. ऑक्टोबरात एका संध्याकाळी एव्हाचा फोन आला, तेव्हा सरला बुटांसकट सोफ्यावर झोपली होती. नवऱ्याने, शैलेंद्रने, तो उचलला.

"तुझा तो पोलिश पेशंट सोळाही पायऱ्या चढला म्हणे. एकटा."

सरलाने डोळे उघडले. "वर पोचल्यावर काय म्हणाले?"

"ते विचारायचं राहिलं गं."

"उद्या मीच करते फोन," ती म्हणाली, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली.