नंतरची मुलं

पातेल्यावरचं झाकण खडखडलं तेव्हा कुठे घरातली शांतता मोडली. बाईंनी गॅस बारीक करून मागे पाहिलं. लेक अजून बूटही न काढता खुर्चीत बसून होती. एरवी दारातूनच तिची टकळी सुरू व्हायची.

“उद्यापासून मी मागच्या खोलीत,” ती म्हणाली. “तिथे नुसतं रंगवायचं. पाढे नाहीत.”

बाई त्याच शाळेत चौथीला शिकवत, लेक तिसरीत. मागची खोली त्यांना चांगलीच ठाऊक होती.

शाळेचा निकाल वर्षानुवर्षं तळाला. तो सुधारावा म्हणून आधी मुख्याध्यापक बदलले, मग निम्मे शिक्षक, मग गणवेश, मग शाळेचं नावसुद्धा. यंदा आलेल्या सरांनी मुलांचेच तीन भाग पाडले: पास होणारी, काठावरची आणि ‘नंतरची’. सगळा जीव काठावरच्यांवर ओतायचा आणि नंतरच्यांना मागच्या खोलीत बसवायचं. “बदलायला दुसरं काही उरलंच नाही, आता पोरंच बदला,” असं कुणीतरी म्हणालं तेव्हा स्टाफरूम खो खो हसली होती. बाईही हसल्या होत्या. हसत हसतच त्यांनी आपल्या वर्गातली चार-पाच मुलं तिकडे धाडली होती.

सकाळी त्यांनी लेकीच्या वर्गशिक्षिकेला गाठलं. तिला सगळे थोरल्या बाई म्हणत.

“माझ्या पोरीला तिकडे पाठवलंत? मला एका शब्दानं विचारलं नाहीत?”

थोरल्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. “तुझ्या वर्गातल्यांच्या आयांना तू विचारलंस?”

“त्या मुलांची गोष्ट वेगळी आहे.”

“हो ना. त्यांच्या आया इथे नोकरीला नाहीत.”

कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. राग आधी थोरल्या बाईंवर आला, मग स्वतःवर, आणि तो घेऊनच त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “मॅडम, माझ्या आधीच्या शाळेत हेच केलं. निकाल दुप्पट झाला.”

“आणि तिथल्या नंतरच्या मुलांचं काय झालं?”

“ती परीक्षेला बसली नाहीत. त्या दिवशी घरीच थांबा, असं कळवलं होतं.” हवापाण्याचं बोलावं तसं सर बोलत होते.

“म्हणजे शिकवलं कुणालाच नाही, नुसती पोरं गाळलीत. वजन उतरवायला पाय कापायचा, त्यातला प्रकार.”

“निकाल नाही आला तर शाळेला टाळं लागेल. मग सगळीच घरी बसतील, तुम्ही-आम्ही धरून.” सरांनी आवाज खाली आणला. “तुमच्या मुलीचं काय एवढं, तिला आजच पुढे बसवतो. ती तर घरचीच.”

‘थँक्यू सर’ हे शब्द बाईंच्या अगदी जिभेवर आले होते. ते तिथवर आले, याचीच त्यांना जास्त चीड आली.

“आणि बाकीची कुणाची?” त्या उठल्या. “मी माझ्या पोरांना वर्गात घेऊन चाललेय. काढायचंच असेल तर मला काढा.”

मागच्या खोलीत मोडके बाक भिंतीला लावून ठेवले होते. मुलं जमिनीवर पालथी पडून रंगवत होती, आणि इतकी गप्प, की बाईंना ते बघवेना. बाईंच्याच वर्गातल्या दोन वेण्यांच्या मुलीशेजारी लेक बसली होती. एकच निळा खडू दोघी आळीपाळीनं वापरत होत्या.

“उठा रे,” बाई म्हणाल्या. “चला, वर्गात.”

कुणी हललं नाही. वेण्यांची मुलगी तर कागदावर आणखीच वाकली. लेक मात्र धावत आली आणि आईचा हात ओढत तक्रारीच्या सुरात म्हणाली,

“आई, हिला वाचता येतं. अडखळत वाचते, पण येतं. तिला तिच्या बाईंनीच इकडे पाठवलं म्हणे. नाव विचारलं तर सांगतच नाही. कोण गं तिच्या बाई?”