हिरवी नळी

“मिस ओलेटा, खालचा भाग कोराच आहे,” कॉलेजच्या शिक्षणमदत कचेरीतला गार्नेट टॅकेट म्हणाला आणि त्यानं अर्ज टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

ओलेटा स्टिडमनं तो उचलला नाही. त्यात काय आहे ते तिला पाठ होतं. वरच्या भागात विचारलं होतं, काय घडलं? तिथे तिनं नवऱ्याच्या आजारपणाबद्दल आणि मृत्यूबद्दल लिहिलं होतं, दाखलाही जोडला होता. खालच्या भागात विचारलं होतं, आता काय बदललं आहे, ज्यामुळे पुढच्या सत्रात असं होणार नाही?

“तिथं काय लिहावं ते सुचलंच नाही.”

“दोन ओळी पुरतात. समिती गुरुवारी बसते. खालचा भाग नसला तर ते अर्ज वाचतसुद्धा नाहीत.”

“मग तू वाचून दाखव त्यांना.”

“तुमच्या अर्जाच्या वेळी मला खोलीबाहेर जावं लागणार. मी आठ वर्षं तुम्ही चालवता त्या बसमधनं शाळेत गेलो, सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“अजून चालत्या गाडीत उभा राहतोस का रे?”

गार्नेट हसला. कानशिलांवर केस पांढरे झाले होते त्याचे, पण हसताना तो मागच्या बाकावरचाच पोरगा दिसला. मग त्यानं पुन्हा तेच समजावून सांगितलं. सरकारी शिक्षणमदत चालू ठेवायची, तर घेतलेल्या विषयांपैकी निदान दोन तृतीयांश पूर्ण करावे लागतात. नवऱ्याला, व्हर्जिलला, पहिल्यांदा इस्पितळात नेलं, त्या सत्रात ओलेटानं दोन विषय मध्येच सोडले होते. धड अभ्यास न करता परीक्षेला बसणं तिला अप्रामाणिक वाटलं होतं. कुणाला न विचारता कॉलेजच्या खिडकीवर जाऊन नाव काढून आली, आणि आपण सरळपणे वागलो असं समजून निश्चिंत झाली. आणि या वसंत सत्रात ती शरीररचनेत नापास झाली.

“सोडलेले विषय कसे मोजता पण? पोरगा बसमध्ये चढला आणि पुढच्याच थांब्यावर उतरला, तर तो शाळेत गेला असं मी धरत नाही.”

“पण चढला, असं तर धरता ना?”

ओलेटानं अर्जाच्या कोऱ्या भागावर बोट ठेवलं.

“बाकीचे काय लिहितात खाली?” तिनं विचारलं.

“हेच, की आता घरची जबाबदारी राहिली नाही. अभ्यासाला वेळ मिळेल.” बोलता बोलता गार्नेटचा आवाज बारीक झाला.

“म्हणजे तो मेला ही सोय झाली, असं लिहू?”

गार्नेटनं अर्जाची कड बोटानं सरळ केली. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी मोठ्यानं हसत गेलं.

“तसं नका लिहू,” तो म्हणाला. “पण जे खरंच बदललंय, ते लिहा. काहीतरी बदललं असेलच की.”

ओलेटानं अर्जाची घडी केली नाही. तसाच, बाळाचे कपडे धरावेत तसा दोन्ही हातांवर धरून ती गाडीपर्यंत गेली.

सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्यामधला वेळ तिचा असे. एवढी वर्षं त्या वेळात तिनं घर सांभाळलं, मग व्हर्जिलला सांभाळलं, आणि मग कॉलेजही केलं. कॉलेजात श्वासोपचार शिकायची कल्पना व्हर्जिलचीच. त्याला श्वास घ्यायला शिकवायला घरी एक बाई यायची. ओठ मेणबत्ती विझवताना करतात तसे कर, म्हणायची. ओलेटा जवळ उभी राहून बघायची. एकदा ती बाई गेल्यावर व्हर्जिल धापा टाकत म्हणाला, “तुला जमेल हे. तू किंचाळणारी पोरं भरून डोंगरावरनं बस खाली आणतेस. एक म्हातारा खाणवाला काय जड आहे?” तेव्हा तो म्हातारा नव्हता. खाणीच्या धुळीनं त्याला तसा केला होता.

घराचं दार उघडलं तेव्हा व्हर्जिलचं ऑक्सिजनचं यंत्र चालू होतं. ते नेहमीच चालू असे. बैठकीच्या खोलीत, खिडकीखाली, लहान कपाटाएवढं. आतून आधी धप्प आवाज येई, मग लांबलेला फुस्स, आणि थोडं थांबून पुन्हा धप्प. त्यातून निघालेली हिरवी नळी जमिनीवरून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळून झोपायच्या खोलीत जाई. या घरात येणारा प्रत्येक जण तिच्यावरून पाय उचलून टाकायला शिकला होता. नळीवर पाय पडला की आतला माणूस लगेच ओरडे. ओरडण्याइतका श्वास असेतो ओरडे.

आता नळीचं दुसरं टोक पलंगाच्या खांबाला अडकवलेलं होतं. तिथून रिकाम्या खोलीत बारीक हवा येत राही.

व्हर्जिलची बहीण रेवा स्वयंपाकघरात आधीच येऊन बसली होती. किल्ली तिच्याकडेही होती. तिनं घेवड्याचं सूप आणि मक्याचा पाव आणला होता.

“खा आधी. वाळून काडी झालीस,” रेवा म्हणाली. “आणि मला एक सांग, ते यंत्र अजून इथं काय करतंय? मला वाटलं केव्हाच परत गेलं.”

“ते न्यायला लोक येतात तेव्हा मी बसवर असते.”

“बरं. पण चालू का आहे?”

“बंद ठेवलं की बिघडतात म्हणे.”

“कोण म्हणे?”

ओलेटानं पावाचा तुकडा मोडला.

“मागल्या आठवड्यात मी दाराशी आले होते,” रेवा म्हणाली. “आतनं तो आवाज ऐकला आणि मला वाटलं, व्हर्जिल उठलाय. खरं सांगते, हाकही मारली मी. मग पायरीवर बसून रडले आणि घरी गेले. तुला बोलले नाही.” तिनं नाक पुसलं. “मी पायरीवरनं परत जाऊ शकते गं. तू तर आतच राहतेस.”

“त्या आवाजाशिवाय माझा अभ्यास होत नाही.”

“त्याच्याबरोबर तरी कुठं झाला? नापास झालीस ना!”

हे रेवालाच बोलता येत होतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ओलेटानं ताट बाजूला सारलं असतं. आता मात्र तिनं कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. समजावून सांगता येईल की नाही याची तिला खात्री नव्हती.

शेवटच्या दिवसांत व्हर्जिलचा श्वास मध्येच थांबे. मग ती जे काही करत असेल ते सोडून ऐकत उभी राही. बशी हातात असेल तर बशी हातात धरून. पुढचा श्वास आला की मग बशी खाली ठेवी. शरीररचनेच्या परीक्षेच्या दिवशी फुप्फुसाची आकृती समोर होती, सगळी नावं तिला येत होती. बाई म्हणाल्या, सुरू करा, आणि सगळा वर्ग एकदम गप्प झाला. ती ऐकू लागली. पेन हातात धरून ती पुढच्या श्वासाची वाट बघत राहिली. मग शेजारच्या बाकावरच्या मिस्टीनं तिच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, “ओलेटा, वेळ संपला.”

रेवानं सुपाचं भांडं झाकलं. पलीकडे यंत्र धप्प करून फुसफुसलं.

“फोन कर त्यांना,” ती म्हणाली. “उद्या येऊ दे. तू बसवर नसशील अशा वेळेला.”

दुसऱ्या दिवशी रेवा परत आली, आणि दुपारच्या आत यंत्र न्यायला एक माणूस आला. जाडसा, संथ, गुडघ्यांवर हात ठेवून उठबस करणारा. ओलेटानं त्याला कॉफी विचारली, त्यानं नको म्हटलं, आणि न सांगताच नळीवरून पाय उचलून तो यंत्राजवळ गेला.

“बटण आधी बंद करणार आहात ना?” तिनं विचारलं.

“करतो. पण याचं बटण नीट चालत नाही, बाई. जुनं आहे. वायरच काढावी लागेल. मग हे ओरडेल. घाबरू नका, वीज गेली की ओरडायचं हे त्याला शिकवलेलंच असतं. थकलं की गप्प बसेल.”

त्यानं वायर काढली. धप्प नाही, फुस्स नाही. एक सरळ, उंच, न संपणारा आवाज घरभर पसरला. ओलेटा भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रेवानं तिचा हात धरला होता, का तिनं रेवाचा, ते नंतर दोघींनाही सांगता आलं नसतं. आवाज आधी बारीक झाला, मग तुटक, आणि मग कुठे संपला ते कळलंच नाही.

त्या माणसानं पलंगाच्या खांबावरून नळीचं टोक सोडवलं आणि कोपर ते अंगठा असे वेढे घालत ती गुंडाळली. “ही फेकूनच देतात,” तो म्हणाला. “हवी का?”

“नको,” ओलेटा म्हणाली.

तो गेल्यावर तिनं रेवालाही घरी पाठवलं. मग शरीररचनेचं पुस्तक घेऊन ती टेबलाशी बसली. घर इतकं शांत होतं की तिला फार वेळ बसवलं नाही. उठली, पुन्हा बसली. दुपारच्या फेरीला निघण्याआधी तिनं अर्जाच्या खालच्या भागात लिहिलं: “नवऱ्याचं ऑक्सिजनचं यंत्र मी परत दिलं आहे. घरात आता शांतता आहे. तिच्यात बसायला मी शिकते आहे. याहून जास्त काही बदललेलं नाही.” वाचून तिला वाटलं, हे फार थोडं आहे आणि समितीला काहीच कळणार नाही. पण खोटं त्यात काही नव्हतं. शाळेतून पोरांना घेण्याआधी तिनं अर्ज गार्नेटच्या दारातल्या पेटीत टाकला.

समितीत काय बोलणं झालं ते गार्नेटला ठाऊक नव्हतं. तो बाहेर बाकावर बसला होता. पुढच्या आठवड्यात तो बसच्या थांब्यावर येऊन उभा राहिला, शाळेच्या पोरांच्या मागे, रांगेत.

“एक सत्र दिलंय,” तो म्हणाला. “मदत चालू राहील. पण या खेपेला सगळे विषय पास. एकही सोडायचा नाही.”

“चढलायस, तर खाली बस,” ओलेटा म्हणाली. मग दार लावून तिनं गाडी सोडली. गार्नेट पुढच्या थांब्यापर्यंत बसून गेला.

शरद सत्रात शरीररचनेची पहिली परीक्षा पुन्हा त्याच वर्गात होती. बाई म्हणाल्या, सुरू करा. वर्ग गप्प झाला. ओलेटा थांबली. मिस्टीनं तिच्याकडे काळजीनं पाहिलं. पेन धरलेला हात हवेतच होता. ती ऐकत होती. मग ओठ मेणबत्ती विझवताना करतात तसे करून तिनं सावकाश श्वास सोडला. तेवढाच आवाज होता, आणि तो तिचाच होता. तिनं पहिलं नाव लिहिलं.

वेळ संपायच्या आधी ती उठली. उत्तरपत्रिका घेऊन बाकांच्या मधून पुढे निघाली. बाईंच्या टेबलाजवळ, जिथे नुसती स्वच्छ फरशी होती, तिथे तिनं पाय जरा उंच उचलला, कशावरून तरी जपून पलीकडे टाकला, आणि मग पत्रिका खाली ठेवली.