भोंग्याचा घसा आणि लाल शिट्टी

हे कुणी खरं मानणार नाही, पोरांनो. मानूही नका, ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं, मध्ये खो घालू नये. तर भोंग्याचा घसा चार महिने बसला होता, आणि तो निम्मा गोळ्यांनी उठला, निम्मा एका जळक्या पातेल्याने.

भोंगा म्हणजे बसचा कंडक्टर. वीस वर्षं प्रत्येक थांबा तो वेगळ्या चालीत पुकारायचा. गाढ झोपलेली माणसं नुसत्या चालीवर उठून उतरायची. आणि आता? गिळताना काटे, आवाज फुटक्या पिपाणीचा. गोळ्या घेतल्या की आठवडाभर बरं, मग पुन्हा पहिले पाढे. लोक थांबे चुकवून थेट डेपोत उतरू लागले.

मॅनेजरने सुनावलं, "पंधरा दिवस देतो. मागच्या दारातून पुकारा. ड्रायव्हरला ऐकू आलं तर बस तुमची. नाहीतर हरवलेल्या छत्र्यांची खोली."

भोंग्याचं छत्र्यांशी वाकडं नव्हतं. पण छत्र्यांना कुठे उतरायचं नसतं, हे त्याच्या जिवाला लागलं.

बायकोने त्याला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं.

"गोळ्या पूर्ण घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. मग कशाला पोटाला त्रास?"

"या खेपेला दहाच्या दहा दिवस. एक चुकली तर माझ्याकडे फिरकू नका. आणि दिवसभर तोंडात काय असतं?"

"शिट्टी."

"धुता कधी?"

"डॉक्टर, शिट्टी काय जेवायचं ताट आहे?"

बायको उसळली, "अहो, म्हणजे वीस वर्षांचा मळ चाखताय तुम्ही! आणा ती इकडे."

घरी तिने ती प्लॅस्टिकची शिट्टी उकळायला ठेवली आणि मिनिटभर शेजारणीकडे गेली. तिचं मिनिट सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पाणी आटलं, शिट्टी वितळली, पातेल्याच्या बुडाशी लाल डाग तेवढा उरला. भोंगा तासभर त्या डागाकडे बघत बसला. मग निमूटपणे गोळी गिळली. अशा दहा दिवस गिळल्या.

पंधराव्या दिवशी सगळा डेपो जमला. भोंग्याने मागच्या दारात पाय रोवले, छाती भरून घेतली आणि पहिला थांबा पुकारला. ड्रायव्हरचं सोडा, समोरच्या रस्त्यावरच्या सात बस जागच्या जागी थांबल्या! बंद पडलेलं घड्याळ टिकटिकायला लागलं. चार महिन्यांपूर्वी थांबा चुकलेली एक म्हातारी घरातून धावत आली, "आला का हो माझा थांबा?" मॅनेजरच्या कपातला चहा बशीत उतरला, आणि त्याने छत्र्यांच्या खोलीची किल्ली गटारात भिरकावली.

लोकांनी भोंग्याला खांद्यावर घेतलं. तेव्हा त्याने ऐटीत खिशात हात घातला, आपली ती जुनी लाल शिट्टी काढली, आणि अशी फुंकली, अशी फुंकली, की...

"ओ आजोबा! शिट्टी तर पातेल्यात वितळली होती ना?"