जन्मतारीख माहीत नाही

बुधवारी सकाळी सरजाबाई देगलूरच्या एसटीतून उतरली, ऑटो करून दवाखान्यात आली, डायलिसिसच्या खिडकीशी उभी राहिली, आणि खिडकीतल्या शिल्पानं तिला सांगितलं, "मावशी, यादीत तुमचं नाव नाही." दोन वर्षं दर बुधवारी-शनिवारी येणारी बाई! पाय सुजून चपलेत मावेनात, बोलता बोलता धाप लागलेली, आणि म्हणे नाव नाही!

रुखसार तेव्हा जिना चढत होती. नांदेडच्या या ट्रस्टच्या दवाखान्याचा सगळा डेटाबेस तीच सांभाळायची. रविवारी सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन चढवलं, आणि लगेच तिला ट्रस्टच्या लातूरच्या दवाखान्यात पळावं लागलं. तिथंही तोच उपद्व्याप. सोमवारी लातूरला प्रिंटर बंद पडलेले, डॉक्टर डोक्यावर बसलेले, त्यात शिल्पाचा फोन आला होता: "मॅडम, एका पेशंटचं नाव सापडून नाही राहिलं." रुखसार फणकारली होती, "नवीन व्हर्जन हाय बाई, नीट शोध की! आल्यावर बघते." आणि फोन आपटला होता.

आता तिनं सरजाबाईचे पाय पाहिले आणि उलटी फिरली. मशीनपाशी किशनराव टेक्निशियन हातमोजे घालत होते.

"किशनकाका, हिला घ्या आत."

"सिस्टीममधी नाव न्हाई. नावाबिगर मशीन लावायचं न्हाई, असं वरून लेखी आलंय."

"दोनशे वेळा तुमच्याच हातानं मशीनवर गेलेली बाई हाय ही! वळखत न्हाई का तुम्ही?"

"वळखतो की. पण वळखून काय करू? नोकरी माझी जाईल."

"अर्धा तास द्या. तोवर हिचं मशीन दुसऱ्या कुणाला दिलं ना, तर याद राखा."

वर प्रीतम चहा पीत बसला होता. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस. जुन्या व्हर्जनमधली माहिती नव्यात न्यायची स्क्रिप्ट त्याचीच. "मॅडम, लातूरला टेस्ट करून आणली होती. एक एरर नव्हती," तो आधीच सांगून मोकळा झाला. रुखसारनं त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्क्रिप्ट उघडली. वरच्या बाजूलाच सूचना होती: एरर आली तर ती ओळ सोड आणि पुढं चल.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. न्हाईतर एकेका एररला थांबत बसावं लागतं."

"आणि सोडलेल्या ओळी? त्या कुणी बघायच्या? तुझ्या काकानं?"

बघितल्याच नव्हत्या. एररची फाइल शहाण्यानं उघडलीसुद्धा नव्हती. रुखसारनं उघडली. त्रेसष्ट ओळी, म्हणजे त्रेसष्ट माणसं, आणि प्रत्येकापुढं एकच तक्रार: जन्मतारीख चुकीची. फाइलच्या शेवटी मात्र लिहिलं होतं, काम यशस्वी. यशस्वी म्हणे! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

आता इकडं जुन्या माणसांना जन्मतारीख कुठून असणार? शाळेत नाव घालताना मास्तर एक जून लिहायचे, की सुटले. खुद्द रुखसारही कागदोपत्री एक जूनचीच. खरी जन्मली रमजानात, कडाक्याच्या थंडीत. अम्मी अजून सांगते. त्या खोट्या तारखेचा तिला लहानपणापासून राग. म्हणून नांदेडला तिनं आपली पद्धत पाडली होती: साल माहीत असेल तर साल लिहायचं, महिना आणि दिवसाच्या जागी शून्य. माहीत नाही ते माहीत नाही! जुनं व्हर्जन हे मुकाट घ्यायचं. नवं घेईना. आणि लातूरच्या कारकुनानं सरसकट सगळ्यांना एक जून ठोकलेलं, म्हणून तिथं एक एरर आली नाही. खोटं सगळं पास, खरं तेवढं नापास.

"मग आपण पण एक जून टाकू की," प्रीतम म्हणाला. "दोन मिनिटांचं काम हाय."

"तुझ्या आजीची जन्मतारीख काय रे?"

प्रीतमनं चहाचा कप खाली ठेवला.

"न्हाई ना माहीत? मग तिला पण सोडून पुढं चलशील?"

तिनं सालासाठी वेगळा रकाना केला, तारीख रिकामी ठेवायची मुभा दिली, ती सूचना खोडली आणि जुन्या बॅकअपमधून त्रेसष्ट नावं काढून पुन्हा चढवली. पहिल्यांदा स्क्रिप्ट मधेच अडली. तिनं शिव्या घातल्या, चूक काढली, परत चालवली. जुन्यात जितकी माणसं होती तितकी नव्यात आली. रुखसार खाली आली, आणि किशनरावांनी सरजाबाईला मशीन लावलं.

"नाव न्हाई म्हणल्यावर मला वाटलं, मी मेले की काय," सरजाबाई हसून म्हणाली.

रुखसारला हसू आलं नाही. त्रेसष्टांतले बहुतेक महिन्यातून एकदा येणारे, त्यांना घाई नव्हती. डायलिसिसचे दोघंच. एक सरजाबाई. दुसरा लिंबाजी, सोमवार-गुरुवार.

"शिल्पा, सोमवारी कुणाचं नाव सापडत नव्हतं?"

"लिंबाजी आजोबांचं. दुपारपर्यंत बाकड्यावर बसून होते. तुम्ही आल्यावर बघते म्हणालात, म्हणून मी त्यांना गुरुवारी या म्हणलं."

रुखसारनं स्वतः फोन लावला. लिंबाजीच्या मुलानं, नरसिंगनं उचलला. तिनं आपण कोण ते सांगितलं.

"बाबा काल गेले, मॅडम. सांजच्याला. दम कोंडला." मग म्हणाला, "सापडलं व्हय नाव?"

"हाव," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

तिनं शिल्पाच्या संगणकावर लिंबाजीचं पान उघडलं. जन्माचं साल होतं, तारीख रिकामी. खाली मृत्यूचा रकाना. तिनं कालचा दिवस, महिना, साल भरलं. नव्या व्हर्जननं ते लगेच घेतलं.

"झालं का मॅडम सगळं?" दारातून प्रीतमनं विचारलं.

त्याला फाडून खायला ती उठली. पण तोंड उघडलं, तर समोरून शिल्पा तिच्याकडं बघत होती. रुखसार परत खाली बसली. सोमवारचा तो फोन शिल्पानं वेळेत केला होता, आणि आपटला होता तो तिनं स्वतःच.